दोघांच्या नोकऱ्या दोन टोकांना, मग भाड्याचं घर कुठे घ्यायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. लग्नाला चार महिने झालेत. दोघंही मिरजेचे. सध्या नेरूळला आत्येसासूबाईंकडे राहताय आणि पुढच्या महिन्यात स्वतःचं भाड्याचं घर घ्यायचं आहे. यजमानांची कंपनी ऐरोलीत, शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा, रात्री कंपनीची गाडी दारात सोडते. तुमची नोकरी फोर्टमध्ये, म्हणजे सीएसएमटी स्टेशनाजवळ, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. भाडं पंचवीस हजारांच्या आत हवं. यजमान म्हणतात ऐरोली. मामेसासरे म्हणतात खारघरला तेवढ्याच पैशात मोठं घर मिळेल. मावसबहीण घोडबंदरला राहते, ती म्हणते आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये या. सासूबाईंचं मत, भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा हप्ता सुरू करा. आणि रात्री साडेअकराला यजमान जेवायला बसले की रोज हाच विषय निघतो आणि दोघंही न बोलता झोपता.

मी ठाणे आणि ऐरोली ते वाशी या पट्ट्यात भाड्याची घरं मिळवून देते. बरीच वर्षं हेच काम करते आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत नवी लग्नं झालेली जोडपी खूप असतात. अकरा महिन्यांचा करार संपला की त्यातली काही घर बदलून मागायला परत येतात. का बदलताय, हे मी प्रत्येकाला विचारते. घर लहान पडलं असं सांगणारे अगदी थोडे. प्रवास झेपत नाही, पाण्याचे हाल आहेत, आणि तिसरं कारण जरा चाचरत सांगतात, ते म्हणजे आम्ही दोघं एकमेकांना भेटतच नाही.

म्हणून ऐरोली की खारघर की ठाणे हा वाद जरा बाजूला ठेवा आणि एक हिशेब मांडा. दोघंही जागे आहात आणि दोघंही घरात आहात, असे आठवड्यात किती तास मिळतात? तुम्ही सकाळी आठच्या सुमाराला बाहेर पडणार. यजमान बाराला झोपणार, म्हणजे सातला उठणं त्यांना जड. तुम्ही संध्याकाळी परत याल तेव्हा ते कामावर. ते येतील तेव्हा तुमचे डोळे मिटत असतील. सोमवार ते शुक्रवार तुमच्या वाट्याला सकाळचा तासभर आणि रात्रीचा अर्धा तास येतो, आणि तो अर्धा तास सध्या वादात जातोय. तुमच्या घराची निवड या तासाभरावर करा. तुम्हाला सातला बाहेर पडावं लागलं तर तो तास जातो. सव्वाआठला निघता आलं तर दोघांचा चहा, नाश्ता एकत्र होतो, घरखर्चाचं, गावाकडच्या फोनचं बोलणं उजेडात होतं. तुम्हाला घराबद्दल जे जे सांगितलं जातंय त्यात हा हिशेब कुणीच केलेला दिसत नाही.

एकदा असं पाहिलं की यजमानांचा ऐरोलीचा आग्रह बराच सैल होतो. ऐरोलीत घर घेतल्यानं त्यांचा दुपारचा प्रवास वाचेल, हे खरं. पण ते दुपारी एकच्या सुमाराला निघतात, त्या वेळी ठाणे-वाशी गाडीत बसायला जागा असते, आणि रात्री कंपनीची गाडी आहेच. त्यांना अर्धा तास जास्त लागला तरी तो तुमच्या एकत्र वेळातून जात नाही, कारण तुम्ही तेव्हा ऑफिसात असता. तुमचा वाढलेला अर्धा तास मात्र थेट सकाळच्या त्या तासातून कापला जातो. म्हणून तुमच्या जोडीपुरतं मी म्हणेन, घर तुमच्या प्रवासाच्या सोयीचं घ्या. बाई म्हणून मी तुमची बाजू घेतेय असं यजमानांना वाटू नये. शिफ्टच्या वेळा उलट्या असत्या तर मी उलटा सल्ला दिला असता.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर आहे, ती आधीच सांगते. यजमानांची शिफ्ट दर तिमाहीला बदलत असेल, किंवा तुम्हाला आठवड्यात दोन-तीन दिवस घरून काम मिळत असेल, तर हा सगळा हिशेब नव्यानं करावा लागेल. रात्रीच्या गाडीची हद्दही कंपनीकडून विचारून घ्या. काही कंपन्या ठरावीक अंतराच्या पलीकडे सोडत नाहीत, काही ठाण्यात फक्त ठरलेल्या नाक्यापर्यंत सोडतात. हे ऐकीव नको, कंपनीचा वाहतूक विभाग सांगेल ते खरं.

आता एकेक जागा घेऊ.

ऐरोलीतून फोर्टला जायचं तर आधी ठाण्याला यायचं, तिथे गाडी बदलायची. गाडीत बसलात की ठाणं दहा-पंधरा मिनिटांवर, मध्ये आता दिघा गाव स्टेशन झालंय. नकाशात हे फार सोपं दिसतं. पण ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे ठाणे-वाशी-पनवेल मार्गाच्या गाड्या ठाण्याच्या पूर्वेकडच्या फलाटांवर लागतात. सकाळी आठच्या पुढे त्या जिन्यावर आणि पुलावर कळव्यापासून वाशीपर्यंतची सगळी गर्दी समोरासमोर येते. पूल ओलांडून मुंबईच्या फलाटावर पोचायचं, तिथे कल्याण-बदलापूर-कसाऱ्याकडून आलेली फास्ट भरलेली असते, तिच्यात शिरायचं किंवा ठाण्याहून सुटणारी स्लो धरायची. घरापासून ऑफिसपर्यंत दीड तास धरा, पावसाळ्यात जास्त. ऐरोली राहायला छान आहे, सेक्टरांची आखणी नीट, झाडं आहेत, बाजार जवळ. दोघांच्याही नोकऱ्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर असत्या तर मी डोळे मिटून ऐरोली-घणसोली सांगितलं असतं. तुमच्यासाठी नाही सांगणार.

खारघर. मामेसासऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही, तेवढ्याच भाड्यात खोल्या मोठ्या मिळतील, हवाही चांगली. पण खारघरहून सीएसएमटीला हार्बर मार्गाच्या लोकलनं तासाभराहून जास्त लागतो, शिवाय घर ते स्टेशन वेगळं. खारघर लांबलचक पसरलंय. स्टेशनाजवळचे सेक्टर महाग, आतले स्वस्त, आणि आतल्या सेक्टरातून स्टेशन गाठायला शेअर रिक्षा किंवा बस. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे, तिनं आतल्या सेक्टरांची सोय झाली, पण तुम्हाला बेलापूरला उतरून पुन्हा लोकल पकडावी लागेल. यजमानांना पनवेल-ठाणे गाडी सरळ ऐरोलीत सोडते, त्यामुळे त्यांना काही अडचण नाही. अडचण तुमचीच. त्यात उन्हाळ्यात खारघरच्या बऱ्याच सोसायट्यांत टँकर येतात. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, म्हणून वाशी-नेरूळ-ऐरोलीकडे पाण्याची परिस्थिती तुलनेनं बरी असते. खारघर त्या महापालिकेत येत नाही, ते पनवेल महापालिकेत आहे. नवी मुंबई म्हणून सगळीकडे एकच पाणी, एकच महापालिका असं बाहेरून येणाऱ्यांना वाटतं, ते तसं नाही.

घोडबंदर रस्त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मावसबहिणीचं कॉम्प्लेक्स पाहून तुमचं मन तिकडे ओढत असणार हे तुमच्या लिहिण्यात दिसतंय. बाग, पोहण्याचा तलाव, दारावर सुरक्षारक्षक, मिरजेहून आलेल्या माणसाला हे बघितल्यावर इथेच राहावं असं वाटणं स्वाभाविक आहे. शिवाय बहीण जवळ असणं ही फार मोठी गोष्ट आहे, ती मी कमी लेखत नाही. पण घोडबंदर रस्त्यावरचं कासारवडवली ठाणे स्टेशनापासून आठ-दहा किलोमीटर आत आहे. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनासमोरच्या सॅटीस पुलावर, म्हणजे बसच्या उड्डाणपुलावर, रांगेत उभं राहायचं, मग कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळ असं सरकत जायचं. रस्ता मोकळा असेल तर अर्धा तास, नसेल तर तास. तो कधी मोकळा असेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि थकवा येतो तो त्या अनिश्चिततेचा. फोर्टहून ठाण्यापर्यंत तुम्ही जेवढा वेळ गाडीत घालवाल तेवढाच वेळ ठाण्यापासून घरापर्यंत जाईल असे दिवस येतील. मेट्रो सुरू होणार, असं घर दाखवणारा प्रत्येक माणूस सांगेल. ज्या दिवशी तुमच्या घराजवळच्या स्थानकातून गाडी धावेल त्या दिवशी तिचा हिशेब धरा. करार अकरा महिन्यांचा आहे, घर आजच्या रस्त्यावर घ्या.

मग राहिलं काय? मी तुम्हाला दोन जागा बघायला सांगेन, आणि दोन्ही तुमच्या यादीत नाहीत.

पहिली म्हणजे ठाणे पूर्व, कोपरी. ठाणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नौपाडा, राम मारुती रोड, नाहीतर थेट घोडबंदर येतं. कोपरीकडे कुणी बघत नाही. इमारती जुन्या आहेत, काही ठिकाणी लिफ्ट नाही, गल्ल्या अरुंद. पण स्टेशन चालत गाठता येतं आणि ट्रान्सहार्बरचे फलाट त्याच बाजूला, त्यामुळे यजमान पूल न चढता ऐरोलीच्या गाडीत बसतील. तुम्हाला सकाळी ठाण्याहूनच सुटणारी स्लो मिळेल. ती सीएसएमटीला पोचायला फास्टपेक्षा पंधराएक मिनिटं जास्त घेते, पण जरा आधी जाऊन फलाटावर उभं राहिलात तर बसून जाता येतं. रोज तासभर बसून जाणं आणि पाऊण तास लटकत जाणं यात मी पहिलं निवडेन, आणि वर्षभरानं तुमचं शरीरही तेच म्हणेल. संध्याकाळी तर सीएसएमटीहून गाडी सुटते, तिथे जागा मिळण्याची शक्यता जास्त. दोघांपैकी कुणालाही रिक्षा लागत नाही, याचे महिन्याकाठी वाचणारे पैसेही भाड्याच्या हिशेबात धरा.

दुसरी जागा सानपाडा आणि त्याला लागून वाशी. सानपाड्याला हार्बर आणि ट्रान्सहार्बर दोन्ही गाड्या थांबतात. तुम्ही सरळ सीएसएमटी, यजमान सरळ ऐरोली, गाडी बदलायची गरज कुणालाच नाही. वाशीहून सुटणाऱ्या लोकलही आहेत. वाशीहून सीएसएमटी साधारण पन्नास मिनिटं. भाडं मात्र वाशीत चढं, तुमच्या पैशात तिथे लहान घर मिळेल, कदाचित सिडकोच्या जुन्या इमारतीतलं वन रूम किचन. सानपाड्यात थोडं बरं. आत्येसासूबाई नेरूळला, म्हणजे दोन स्टेशनं पलीकडे. पहिल्या वर्षात आजारपण, पाहुणे, घराची जादा किल्ली, यासाठी घरचं माणूस जवळ असणं उपयोगी पडतं.

मला विचाराल तर मी आधी कोपरी बघेन. पाणी किंवा घर मनासारखं मिळालं नाही तर सानपाडा. पण माझ्या शब्दावर घर घेऊ नका. आधी प्रवास करून बघा. एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी नेरूळहून निघून सकाळी आठच्या आत ठाणे पूर्वेला पोचा, आणि जणू तिथेच राहता अशा पद्धतीनं तिथून ऑफिसला जा. संध्याकाळी तिथेच परत या. दुसऱ्या दिवशी सानपाड्याहून तेच करा. सोमवार धरू नका, शुक्रवारही नको, ते दोन दिवस वेगळेच असतात. शक्य असेल तर यजमानांना एका सकाळी बरोबर न्या. ठाण्याचा पूल सव्वाआठला त्यांनी स्वतः बघितला की ऐरोलीच्या घरावरचा निम्मा वाद तिथेच मिटेल.

आता घर बघताना काय बघायचं. बहुतेक जण शनिवारी दुपारी घर बघतात. तेव्हा ऊन असतं, रंग नवा असतो, पंखा चालू असतो, सगळी घरं चांगली दिसतात. तुम्ही एकदा सकाळी पाणी यायच्या वेळेला जा. जुन्या इमारतींत पाणी सोडण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या घरमालकापेक्षा वॉचमन खऱ्या सांगतो. तुम्हाला साडेसातच्या आत अंघोळ उरकायचीय आणि इमारतीत पाणी आठला सोडत असतील तर ते घर कितीही चांगलं असू दे, तुमचं नाही. घरात टाकी आहे का, ती दोघांच्या एका दिवसाला पुरेल का, हे बघा. बाथरूमचा आणि स्वयंपाकघराचा नळ एकाच वेळी उघडून धार बघा. मग एकदा रात्री नऊनंतर जा, आणि स्टेशनापासून इमारतीपर्यंत तुम्ही एकट्या चालत या. दिवे किती, दुकानं किती वाजेपर्यंत उघडी, कोपऱ्यावर कोण उभं असतं, हे त्या दहा मिनिटांत कळतं.

ओल तर मी हातानं बघते. बेडरूममधल्या कपाटाच्या मागे, जिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही, तिथे भिंतीवर तळहात टेकवायचा. गार आणि किंचित चिकट लागली की पावसाळ्यात तिथे काळी बुरशी येणार हे ठरलेलं. एखाद्या भिंतीचाच रंग बाकीच्यांपेक्षा नवा असेल तर का, ते विचारा. सिंकखालचं दार उघडून वास घ्या. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पोपडे आलेत का बघा, पाऊस तिथूनच आत येतो. वरचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन या. पश्चिमेकडची भिंत उघडी असेल तर जून-जुलैत ती भिजणारच. तुम्ही मिरजेच्या कोरड्या हवेतून आलात, इथल्या पावसाची ओल कपड्यांत, पापडांत, पुस्तकांत शिरते. दहा मिनिटं भिंतींना दिलीत तर वर्षभर बरं जातं.

विजेचं शेवटचं बिल मागून घ्या. ठाणे आणि नवी मुंबईत वीज महावितरणची असते. बिलावरच्या बारा आकडी ग्राहक क्रमांकानं थकबाकी आहे का ते पाच मिनिटांत ऑनलाइन दिसतं. गॅसची पाइपलाइन ओट्यापर्यंत आहे की नुसती इमारतीपर्यंत, हेही डोळ्यांनी बघा.

करार. इथे मुलंमुली फार घाबरतात किंवा फार निष्काळजी राहतात, म्हणून स्पष्ट लिहिते. भाड्याचा करार, म्हणजे लीव्ह अँड लायसन्स, लेखी असणं आणि त्याची नोंदणी होणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार सक्तीचं आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि पुढे अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, असंही त्याच कलमात आहे. म्हणून शंभर रुपयांच्या, नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू, असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. आता आधार आणि अंगठ्याच्या मशिनवर घरी बसून नोंदणी होते.

खर्च किती येतो ते उदाहरणानं सांगते. भाडं २२,००० रुपये आणि डिपॉझिट ६०,००० रुपये धरू. अकरा महिन्यांचं भाडं झालं २,४२,०००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, अकरा महिन्यांचं ५,५००. एकूण २,४७,५००. याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सहाशे-सातशे रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, वर कागदपत्र हाताळणीचे थोडे पैसे आणि करणाऱ्याची मजुरी. एवढ्यासाठी नोंदणी टाळणारा मालक पैसे वाचवत नसतो, त्याला कागद नको असतो. आणि तुम्हाला तो कागद जागोजागी लागणार आहे. बँकेत पत्ता बदलायला, आधारवर नवा पत्ता घालायला, गॅससाठी, पासपोर्टसाठी. करारात दोघांचीही नावं घाला. मालक बहुतेक वेळा फक्त नवऱ्याचं घालतात. पुढे तुमच्या नावाचा पत्त्याचा पुरावा हवा असतो तेव्हा बायको म्हणून कागद जोडत बसावं लागतं.

अटींमधल्या तीन गोष्टी मी प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवते. एक, नोटीस किती आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का. दोन, लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा. तुमची नोकरी नवी आहे, बदली होऊ शकते, त्यामुळे सहा महिन्यांपेक्षा जास्त लॉक-इन घेऊ नका. तीन, घर सोडताना रंगाचे पैसे कापणार का आणि किती. डिपॉझिटवरून जे वाद होतात त्यातले बरेचसे रंगावरून होतात. सामान आत नेण्याच्या आधी प्रत्येक खोलीचे, नळांचे, फरशीच्या तड्यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घर भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी लावते ते शुल्क मालकानं भरायचं असतं, ते भाड्यात धरलंय असं करारात लिहून घ्या. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकानं द्यायची असते, ती दिल्याची पोच मागून तुमच्याकडे ठेवा.

दलाली साधारण एक महिन्याचं भाडं असते. मीही तेवढीच घेते. अकरा महिन्यांनी त्याच घराचा करार वाढवताना पुन्हा पूर्ण महिन्याची दलाली मागितली तर ती देण्याचं काही कारण नाही. त्या वेळी कागद करण्याची मजुरी द्यावी, एवढंच. आधीच बोलून ठेवा.

घर मिळाल्यावर मिरजेहून रुखवतातली सगळी भांडी, दिवाण, गोदरेजचं कपाट असा टेम्पो भरून आणायची घाई करू नका. इथलं वन बीएचके मिरजेच्या एका माजघरात मावेल. पहिल्या महिन्यात गाद्या, शेगडी, कुकर, दोन पातेली, पाण्याचं पिंप, पंखा आणि कपड्यांची दोरी एवढ्यावर राहा. फ्रिज लागेल, तो घ्या, कारण तुमच्या वेळात रोज ताजी भाजी आणणं होणार नाही. वॉशिंग मशीन मात्र पाण्याचा दाब बघून. बाकीचं काय लागतं ते राहायला लागल्यावरच कळतं, आणि पुढच्या वर्षी घर बदललंत तर तेवढं कमी उचलावं लागेल.

स्वयंपाकाचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. दुपारी एकपर्यंत यजमान घरी असतात. तुम्ही साडेसातला घरी पोचणार. मग संध्याकाळी येऊन तुम्ही रात्रीचा आणि सकाळच्या डब्यांचाही स्वयंपाक करणार, हे चार महिने चालेल, त्यापुढे नाही. भाजी-आमटी यजमानांनी सकाळी, तुम्ही गेल्यावर करावी. येत नसेल तर शिकावी, कुकर लावणं आणि फोडणी देणं पंधरा दिवसांत जमतं. पोळ्यांना बाई लावा. ठाण्यात आणि वाशी-सानपाड्यात पोळी-भाजी केंद्रं चिकार आहेत, ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी तिथून आणा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सासूबाई महिनाभर राहायला येतील तेव्हा हेच चालू ठेवायचं, हे दोघांनी आधीच ठरवा. ते आईला यजमानांनी सांगायचं, तुम्ही नाही.

एकटेपणाचं तुम्ही लिहिलं नाहीये, पण संध्याकाळी साडेसात ते साडेअकरा तुम्ही रोज एकट्या असणार आहात. मिरजेत माणसांत वाढलेल्या मुलीला ते जड जातं. त्या चार तासांसाठी घराबाहेरचं काहीतरी ठरवून ठेवा. ठाण्यात असाल तर मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ सालचं, तिथलं सभासदत्व घ्या. तलावपाळीला एक फेरी मारा. गडकरी रंगायतनला प्रयोग असतात. वाशीत असाल तर विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. मावसबहिणीला शेजारी राहून रोज भेटता आलं नाही तरी दर पंधरवड्याच्या शनिवारी तिनं तुमच्याकडे किंवा तुम्ही तिच्याकडे, असा वार बांधून घ्या. ठरवलं नाही तर या शहरात भेटी होत नाहीत.

राहता राहिला सासूबाईंचा हप्त्याचा मुद्दा. त्यांच्या पिढीनं भाड्यात काढलेली वर्षं आठवून त्या बोलतायत, त्यात काळजी आहे. त्यांना नाही म्हणू नका, केव्हा ते सांगा. आत्ता तुमच्या यजमानांची शिफ्ट हीच राहील याची खात्री नाही, तुमची नोकरी कायम झालेली नाही, मूल केव्हा हे ठरलेलं नाही, आणि यातलं एक जरी बदललं तरी राहण्याची सोयीची जागा बदलते. कर्ज काढून उलव्याला किंवा तळोज्याला घर घेतलंत, तर ते परवडतं म्हणून घेतलेलं असेल आणि प्रवास तुम्ही पुढची वीस वर्षं करत राहाल. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, तेव्हापासून त्या बाजूचा प्रत्येक विक्रेता आता नाही तर कधीच नाही असं सांगतोय. तुम्ही घाई करू नका. दोन करार भाड्यानं राहा. त्या काळात जेवढा हप्ता बसला असता त्यातून भाडं वजा करून उरलेली रक्कम दर महिन्याला बाजूला टाका. ती टाकणं जमलं तर हप्ता झेपेल, नाही जमलं तर तेही वेळेत कळेल. घर घ्यायच्या वेळी मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीवर वेगळा असतो. महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. प्रकल्प महारेरावर, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नियामकाकडे, नोंदलेला आहे का, हे तेव्हा बघालच. हे सगळं सासूबाईंना आकड्यांनिशी सांगा, त्या ऐकतील.

या शनिवारी दोघं मिळून कोपरी बघून या, सकाळी सातला पोचा म्हणजे पाण्याची वेळ सापडेल. सानपाडा रविवारी ठेवणार असाल तर हार्बरवर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, आहे का ते आदल्या दिवशी बघा, नाहीतर तुमचा सगळा दिवस स्टेशनातच जाईल. आणि यजमानांच्या शिफ्टचं, रात्रीच्या गाडीच्या हद्दीचं काय कळलं ते लिहा, त्यावरून कोपरीतल्या कोणत्या बाजूला बघायचं ते सांगते.